जुन्या गाडीचा जाम झालेला नट कसा सोडवायचा? आधी हे वाचा, मग पाना लावा

चार-पाच वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली स्कूटर पुन्हा रस्त्यावर आणायची ठरते. कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग बदलणं, नवीन केबल टाकणं ही कामं व्हिडिओत दहा मिनिटांची दिसतात. प्रत्यक्षात काम अडतं ते पहिल्याच नटापाशी. पाना घसरतो, नट हलत नाही. मग पान्याच्या दांड्यात पाइप घातला जातो, अंगातला सगळा जोर लावला जातो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. नट सुटलेला नसतो, बोल्ट तुटलेला असतो.

दहा-वीस रुपयांच्या नटापायी इंजिनाचा भाग बदलायची वेळ येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, चुकीचा नट चुकीच्या वेळी सोडला किंवा चुकीच्या जागी आग लावली तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच नट जाम का होतो, तो सोडवण्याचा योग्य क्रम कोणता आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे नीट समजून घेऊया. उदाहरणासाठी आपण महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत असलेली गाडी घेऊ, बजाज चेतक. १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत बनलेली ही टू-स्ट्रोक स्कूटर आजही अनेक अंगणांत आणि जिन्यांखाली उभी आहे.

नट जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं?

नट आणि बोल्ट यांचे आटे एकमेकांत बसतात तेव्हा त्यांच्यामध्ये अगदी बारीक फट उरते. ही फट असते म्हणूनच नट फिरतो. ती भरून गेली की नट जाम होतो. फट भरण्याची मुख्य कारणं चार आहेत.

पहिलं कारण गंज. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, किमान दुप्पट जागा लागते. आट्यांमधल्या फटीत ही वाढ व्हायला जागाच नसते, त्यामुळे गंज पाचरीसारखा अडकून बसतो. हवेत मीठ असेल तर हे काम आणखी वेगात होतं, कारण मीठ ओलावा धरून ठेवतं आणि गंजण्याची रासायनिक क्रिया सोपी करतं. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यातली गाडी आणि सोलापूरची त्याच वर्षाची गाडी खालून पाहिली तर हा फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरं कारण दोन वेगवेगळे धातू. चेतकचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आणि त्यात बसवलेले स्टड स्टीलचे. दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट पाणी असेल तर एक छोटी बॅटरीच तयार होते. यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते. लाल गंज न दिसताही बोल्ट पक्का बसतो, तो यामुळे.

तिसरं कारण उष्णता. सायलेन्सरचे नट-बोल्ट रोज तापतात आणि थंड होतात. वंगण जळून जातं, काजळी आणि गंज मिळून कठीण थर तयार होतो. जुन्या गाडीत सर्वात हट्टी नट बहुतेक वेळा सायलेन्सरपाशीच सापडतात.

चौथं कारण माणूस. आधीच्या दुरुस्तीत नट आडवा चढवलेला असतो, गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो किंवा सुटू नये म्हणून थ्रेडलॉकर नावाचा गोंद लावलेला असतो. इथे गंज नसतो, त्यामुळे तेल ओतून फारसा उपयोग होत नाही.

पाना लावण्याआधी तीन प्रश्न

*१. नट कोणत्या दिशेला सुटतो?*

बहुतेक नट घड्याळाच्या उलट दिशेला फिरवले की सुटतात. पण सगळे नाही. टेबल फॅनचं पातं धरून ठेवणारी टोपी उलटी फिरते, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटेही उलटे असतात. गाड्यांमध्येही असे नट सापडतात. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. यामाहाच्या अनेक बाइकवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. अशा नटावर नेहमीच्या दिशेने जोर लावणं म्हणजे तो आणखी आवळणं. शंका आली तर बाहेर डोकावणाऱ्या बोल्टचे आटे नीट बघा. बोल्ट उभा धरल्यावर आटे उजवीकडे चढत जात असतील तर सरळ, डावीकडे चढत असतील तर उलटे.

*२. पाना नक्की त्याच मापाचा आहे का?*

चेतकचे नट मिलिमीटरच्या मापाचे, त्यामुळे १०, ११, १३, १७ नंबरचे पाने चालतात. जुन्या जीपचे बहुतेक नट इंचाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ नंबरचा पाना बसतो खरा, पण ०.३ मिमी सैल. सैल नटाला ते चालून जातं. जाम नटावर मात्र तेवढ्यात कोपरे झिजतात आणि नट ‘गोल’ होतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ नंबर चालतो. म्हणजे ‘जवळपास बसतोय’ आणि ‘बसतोय’ यातला फरक आधी तपासायला हवा.

*३. हा नट कशाला धरून आहे?*

हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न. नट सुटल्यावर काय निसटणार आहे? मडगार्ड निसटणार असेल तर ठीक. दाबलेली स्प्रिंग, हवा भरलेलं टायर किंवा जॅकवर उभी असलेली गाडी निसटणार असेल तर आधी तो दाब आणि ते वजन काढून टाकावं लागतं.

चेतकच्या चाकातला धोका

चेतकचं १० इंची चाक नेहमीच्या बाइकच्या चाकासारखं एकसंध नसतं. त्याची रिम पत्र्याच्या दोन भागांची असते आणि ते दोन भाग नटांनी एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे चाकावर नटांचे दोन संच असतात. एक संच चाक हबला धरून ठेवतो, दुसरा रिमचे दोन भाग एकत्र धरून ठेवतो.

टायरमध्ये हवा असताना दुसरा संच सोडला तर आतला दाब रिमचे दोन्ही भाग जोरात फेकू शकतो. नट गंजलेले असतील तर धोका वाढतो, कारण तीन नट सुटलेले आणि दोन जाम, अशा अवस्थेत माणूस चाकावर वाकून हातोडी मारत असतो. उरलेले दोन बोल्ट अचानक तुटले की चेहरा नेमका समोर असतो.

नियम साधा आहे. रिमच्या नटांना हात लावण्याआधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा आणि टायर हाताने दाबून खात्री करा. पंक्चर झालेल्या टायरमध्येही थोडी हवा शिल्लक असू शकते. काही जुन्या जीप आणि ट्रक यांच्याही रिम अनेक भागांच्या असतात, त्यांनाही हाच नियम लागू.

पायरी पहिली : साफसफाई

नटाच्या बाहेर आलेल्या आट्यांवर चिखल, रंग आणि गंज बसलेला असतो. नट सुटला तरी त्याला याच वाटेने बाहेर यायचं असतं. म्हणून तारेच्या ब्रशने हे आटे आधी घासून चकचकीत करा. नटाच्या सहाही बाजू साफ करा, नाहीतर पाना पूर्ण खाली बसत नाही. कॅसल नट असेल तर त्यातली स्प्लिट पिन काढली आहे का, तेही इथेच पाहा. पिन तशीच ठेवून नटाशी झुंजणं हा गॅरेजमधला जुना विनोद आहे, पण तो रोज घडतो.

डोळ्यांवर गॉगल या पायरीपासूनच हवा. गंजाची कपची डोळ्यात जाणं ही या कामातली नेहमीची इजा आहे.

पायरी दुसरी : तेल आणि वाट बघणं

आता आट्यांत झिरपणारं पातळ तेल लावायचं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्रत्येक गॅरेजात दिसणाऱ्या डब्ल्यूडी-४० या स्प्रेचा जन्म जाम नट सोडवण्यासाठी झालेला नाही. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये ते पाणी दूर सारून गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. नावातली ‘डब्ल्यूडी’ ही अक्षरं पाणी हटवण्यासाठी आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजावर ते उपयोगी पडतं, पण वर्षानुवर्षं जाम असलेल्या नटाला खास झिरपण्यासाठी बनवलेलं तेल जास्त चांगलं. त्यांना बाजारात पेनिट्रेटिंग ऑइल म्हणतात. अनेक मेकॅनिक अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून वापरतात. ते झिरपतं चांगलं, पण झटकन पेट घेतं आणि गाडीचा रंगही उडवतं, हे लक्षात ठेवावं.

तेल कोणतंही असो, खरं काम वेळ करतो. तेल लावून दोन मिनिटांत पाना लावला तर ते आट्यांच्या तोंडाशीच असतं. आदल्या संध्याकाळी लावा, झोपण्याआधी पुन्हा लावा, सकाळी पुन्हा. फार गंज असेल तर दोन-तीन दिवस हेच करा. शक्य असेल तिथे तेल वरच्या बाजूने सोडा, म्हणजे ते आपोआप खाली उतरेल.

*कोल्ड्रिंक ओतून नट सुटतो का?* असे रील्स बरेच फिरतात. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं आणि ते वरवरचा गंज हळूहळू विरघळवतं, हे खरं. पण ते पातळ तेलासारखं आट्यांत शिरत नाही, त्यात वंगण नसतं आणि साखरेचा चिकट थर मागे राहतो. सुटा, गंजलेला बोल्ट रात्रभर बुडवून ठेवायला ठीक, गाडीवरच्या नटासाठी नाही.

पायरी तिसरी : ठोकणं, पण अक्कलहुशारीने

गंजाचा थर कठीण असतो, पण ठिसूळही असतो. हातोडीच्या ठोक्याने त्याला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत शिरतं. म्हणून तेल, ठोके, पुन्हा तेल असा क्रम ठेवतात.

बोल्टचं डोकं असेल तर त्याच्या माथ्यावर सरळ ठोके द्या. नट असेल तर एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोडीने मारा आणि नटाच्या सहाही बाजूंवर फिरत हे करा. मध्यम जोराचे पुष्कळ ठोके हे एका जबरदस्त घावापेक्षा चांगले. बोल्टच्या उघड्या टोकावर थेट मारू नका, तिथले आटे चेपले तर नट कधीच बाहेर येणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरवर किंवा बेअरिंगला टेकलेल्या शाफ्टवर ठोके देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमला तडा जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात.

पायरी चौथी : योग्य पाना, योग्य जोर

जाम नटाला उघड्या तोंडाचा पाना लावायचा नाही. तो नटाच्या दोनच बाजू धरतो आणि जोर आला की त्याचं तोंड फाकतं. रिंग पाना किंवा गोटी वापरा. गोटीतही सहा कोनांची निवडा, बारा कोनांची नको. बारा कोनांची गोटी नटाच्या टोकांना पकडते, सहा कोनांची सपाट बाजूंना. गोल होत आलेला नटही कधीकधी सहा कोनांच्या गोटीने निघतो.

आता थोडं गणित. ८ मिमी जाडीचा, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर लावला की जवळपास ३० न्यूटन-मीटर होतात. त्यात पाइप घालून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि ३० किलोचा जोर लावला तर आकडा जातो सुमारे १७५ वर, म्हणजे सातपट. आठ मिमीचा बोल्ट त्याआधीच तुटतो. पाइप चाकाच्या किंवा सस्पेन्शनच्या जाड नटांसाठी आहे. इंजिनाच्या बारीक बोल्टांसाठी नाही.

जोर लावतानाही एक युक्ती आहे. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने ढकलून बघा. गंजाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. एकदा हलला की लगेच पूर्ण सोडायची घाई करू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. सुटलेला गंज आट्यांत भरून नट अर्ध्यावर पुन्हा जाम होऊ नये म्हणून हे पुढे-मागे करणं.

पाना शक्यतो आपल्याकडे ओढा. ढकलावाच लागला तर मूठ न वळता उघड्या तळहाताने ढकला. नट अचानक सुटला की मुठीची बोटंच आधी पत्र्यावर आपटतात.

हाताला काय जाणवतंय, तिकडे लक्ष द्या

अनुभवी मेकॅनिक इथेच वेगळा ठरतो. पाना हलताना ‘कर्र’ असा आवाज आला आणि पकड कडक राहिली तर गंज मोडतो आहे, नट सुटणार. पण पाना मऊ, रबरासारखा फिरतो आहे असं वाटलं तर बहुधा नट फिरत नाही, बोल्टच पिळला जातो आहे. त्या क्षणी थांबायचं. आणखी एक आठवा भाग फेरा आणि बोल्ट तुटणार. थांबलात तर पुढची पायरी अजून शिल्लक असते.

स्क्रूच्या बाबतीतही असंच. जपानी बाइकवरचे चौकडीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांची खाच जपानी मानकाची, जरा वेगळी असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यातून निसटून खाच खराब करतो. तिथे योग्य बिट लावलेला ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरतात. हातोडीचा घाव बसतो तेव्हा तो स्क्रूला एकाच वेळी खाली दाबतो आणि फिरवतोही.

पायरी पाचवी : उष्णता

तेल आणि ठोक्यांनी काम झालं नाही तर नट तापवतात. धातू तापला की पसरतो. १० मिमीच्या स्टीलच्या नटाचं तापमान ३०० अंशांनी वाढवलं तर त्याचं भोक साधारण ०.०३६ मिमीने मोठं होतं. माणसाच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम निम्मं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण गंजाची पकड तोडायला तेवढं पुरतं. अट एकच. नट तापला पाहिजे, आतला बोल्ट नाही. म्हणून ज्योत नटाच्या कडेवर फिरवायची आणि बोल्ट तापण्याआधी पाना लावायचा.

अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेल्या स्टीलच्या स्टडसाठी हिशेब उलटा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं, म्हणून स्टडभोवतीचं कव्हर तापवायचं. तिथे ज्योत नको, हॉट एअर गन किंवा उकळतं पाणीही मदत करतं. अ‍ॅल्युमिनियम शुद्ध असेल तर ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याहून कमी तापमानाला, आणि वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होऊन ते इशारा देत नाही.

लाल थ्रेडलॉकर लावलेला नट साधारण २५० अंशांपर्यंत तापवला की गोंद मऊ पडतो आणि तो सुटतो. बरेच मेकॅनिक गरम नटावर मेणबत्ती टेकवतात. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

लालबुंद केलेला बोल्ट किंवा नट पुन्हा वापरायचा नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ आकडा असलेल्या बोल्टला कारखान्यात उष्णतेच्या प्रक्रियेने ताकद दिलेली असते. तो लाल झाला की ती ताकद जाते, दिसायला मात्र तसाच राहतो.

आग कुठे लावायची नाही?

या यादीवर तडजोड नाही.

• पेट्रोलची टाकी, पेट्रोलचा पाइप आणि कार्ब्युरेटर यांच्या आसपास. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, कित्येकदा जास्त धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ असते. चेतकची टाकी सीटखाली, इंजिनाच्या जवळच आहे. ज्योत वापरायची असेल तर टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवा.

• शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा कोणत्याही बंद नळकांड्याजवळ. आतलं तेल आणि वायू तापला की ते फुटू शकतं.

• ब्रेकचे रबरी पाइप, टायर आणि रबरी बुश यांच्याजवळ.

• एअरबॅग किंवा सीटबेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेजवळ. नव्या कारच्या दुरुस्तीत हे विसरू नका.

• नुकताच ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेले द्रावक असतात. ते ज्योतीत आले की फॉस्जीन तयार होतो. हा पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू आहे.

• नुकतंच तेलाचा किंवा अ‍ॅसिटोनचा स्प्रे मारलेल्या जागी. आधी पुसा, सुकू द्या.

चकचकीत जस्ताचा मुलामा असलेला नट तापवला तर निघणारा पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नका. त्याने काही तासांनी थंडी-ताप आणि अंगदुखी होते. काम उघड्यावर करा आणि वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवा.

पायरी सहावी : नटाचा बळी द्या

नट स्वस्त असतो, तो ज्यावर बसलाय तो भाग महाग असतो. कोपरे गोल झाले, तेल आणि उष्णता दोन्ही करून झालं, तर नट वाचवण्याचा हट्ट सोडा. नट स्प्लिटर नावाचं छोटं हत्यार नटाला एका बाजूने चिरतं आणि आतल्या आट्यांना धक्का लागत नाही. ते नसेल तर हॅक्सॉने बोल्टला समांतर काप घेऊन छिन्नीने नट फाकवतात. ग्राइंडरनेही काम होतं, पण ठिणग्या उडतात, म्हणून वरची यादी इथेही लागू.

चेतकच्या सायलेन्सरचा क्लॅम्प, फूटबोर्डच्या पट्ट्या, स्टँडचे नट अशा जागी सरळ कापणं हेच शहाणपणाचं. नवीन नट-बोल्टाचा खर्च अर्ध्या दिवसाच्या झटापटीपेक्षा कमी. इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा लांब बोल्ट हा वेगळा प्रकार. तो आतल्या नळीत पूर्ण लांबीभर गंजून बसतो. नट निघाला तरी बोल्ट सरकत नाही. त्याला दोन्ही टोकांनी तेल पाजून दोन-तीन दिवस द्यावे लागतात. नंतर टोकावर जुना नट चढवून, त्यावर ठोके देऊन तो बाहेर काढतात, म्हणजे आटे चेपत नाहीत.

बोल्ट तुटलाच तर?

पहिलं काम, थांबणं. तुटलेल्या बोल्टचा तुकडा बाहेर डोकावत असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. ग्रिप प्लायरने तो धरता येतो, किंवा त्यावर नवीन नट ठेवून वेल्डिंग करता येतं. वेल्डिंगची उष्णता गंज मोडते आणि पाना लावायला नवा नटही मिळतो. गाडीला बॅटरी असेल तर वेल्डिंगआधी ती सोडून ठेवा.

तुकडा पृष्ठभागाच्या आत गेला असेल तर प्रकरण नाजूक होतं. बाजारात मिळणारे एक्स्ट्रॅक्टर कठीण पण ठिसूळ स्टीलचे असतात. भोक मधोमध नसेल किंवा जोर तिरका लागला तर एक्स्ट्रॅक्टरच आत तुटतो आणि त्याला साधा ड्रिल लागत नाही. मग स्पार्क इरोजन मशिनवाल्याकडे जावं लागतं.

इंजिनाचा हेड, क्रँककेस किंवा ब्रेकचा भाग असेल आणि बोल्ट आत तुटला असेल तर घरी प्रयोग न करता तो भाग लेथवाल्याकडे न्या. आटे गेलेले असतील तर तो भोक मोठं करून हेलिकॉइल बसवतो, म्हणजे स्टीलच्या तारेचे नवे आटे मूळ मापातच मिळतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये हे नवे आटे बऱ्याचदा जुन्यापेक्षा टिकाऊ ठरतात.

पुढच्या वेळी हीच वेळ येऊ नये म्हणून

नट सुटला म्हणजे काम संपलं असं नाही. परत बसवताना केलेली पाच मिनिटांची मेहनत पुढच्या माणसाचा दिवस वाचवते.

आटे ब्रशने आणि गरज असेल तर टॅप-डायने साफ करा. गंजलेला, कोपरे झिजलेला नट पुन्हा चढवू नका. आत नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवीनच वापरा, कारण त्याची पकड कमी झालेली असते. सायलेन्सरच्या आणि अ‍ॅल्युमिनियममधल्या बोल्टना अँटी-सीझ पेस्ट लावा. ती जास्त तापमानातही टिकते, साधं ग्रीस जळून जातं. मात्र वंगण लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात जास्त आवळला जातो, म्हणून हात थोडा हलका ठेवा. चाकाच्या नटांना कंपनीने सांगितलं नसेल तर पेस्ट लावू नका. सुरुवातीचे दोन-तीन फेरे नेहमी हाताने द्या. हाताने फिरत नसेल तर नट आडवा चढतो आहे.

समुद्राजवळ किंवा जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, उघड्या आट्यांवर तेलाचा हात फिरवावा.

आणि हात कापला तर?

‘गंजलेलं लोखंड लागलं म्हणजे धनुर्वात’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो माती, धूळ आणि शेणात असणाऱ्या जिवाणूमुळे होतो. पण जुन्या गाडीखालच्या नटावर गंजाबरोबर हीच माती असते. त्यामुळे जखम साबण-पाण्याने नीट धुवा, आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल किंवा कधी घेतली ते आठवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात

• आधी दिशा, माप आणि नट कशाला धरून आहे हे बघा.
• दोन भागांच्या रिमच्या नटांना हात लावण्याआधी हवा पूर्ण सोडा.
• साफसफाई, तेल, वेळ, ठोके, योग्य गोटी, उष्णता, कापणं, हा क्रम पाळा. पायरी गाळू नका.
• पाना रबरासारखा फिरला की थांबा.
• पेट्रोल, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक क्लीनरजवळ आग नाही.
• इंजिनात बोल्ट तुटला तर लेथवाला.

गाडी इतकी वर्षं उभी होती. तेल झिरपायला तिला आणखी एक रात्र दिली तर काही बिघडत नाही.